साताऱ्यातले सगळेच किल्ले जीव लावतात, मग एकच आवडता कसा निवडायचा?

निवड अडते, कारण प्रत्येक गड वेगळ्या कारणासाठी आवडलेला असतो. प्रतापगडाला १० नोव्हेंबर १६५९ चं वजन आहे, वासोट्याला जंगलाचं, अजिंक्यताऱ्याला शहराच्या उशाशी असण्याचं. त्यामुळे आधी निकष एकच धरा आणि मग दोन-दोन गड समोरासमोर ठेवा. हरलेला बाद. आठ गडांतून एक काढायला सातच जोड्या लागतात.

घोटाळा होतो तो ताज्या आठवणीमुळे. नुकताच पाहिलेला गड हमखास जिंकतो, म्हणून त्याची जोडी महिनाभराने लावा. ऋतूही एकच हवा. श्रावणातल्या हिरव्या अजिंक्यताऱ्यापुढे उन्हाळ्यातला वैराटगड ठेवणं अन्यायाचं आहे, आणि वासोटा तर पावसाळ्यात बंदच असतो.

'पोटात काय दडलंय' हा निकष घेतलात तर कमळगडाची पायऱ्यांनी खोल उतरणारी गेरूची विहीर आणि कल्याणगडाची पाण्यातून आत जाणारी, पार्श्वनाथांच्या मूर्तीपाशी पोचवणारी गुहा अशी जोडी लागते. मी कल्याणगडाला मत देईन. टॉर्च मात्र न्याच.

सज्जनगड या चढाओढीत घेऊ नका. तिथे समर्थांची समाधी आहे. तिथे दर्शनालाच जावं.