सीताबर्डी, तोड्याची बंदूक आणि चौदा वर्षांचा नायक

प्रश्न : नागपूरचे भोसले आणि इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात झालेल्या सीताबर्डीच्या लढाईवर किशोरांसाठी कादंबरी लिहितो आहे. भोसल्यांच्या बाजूचा चौदा वर्षांचा गोविंदा किल्ल्याच्या तटाखाली रात्रभर मिट्ट काळोखात दबा धरून बसतो आणि लागोपाठ पाच गोळ्या झाडून तीनशे पावलांवरचे पाच शिपाई लोळवतो. भाचा म्हणतो, हे पटत नाही. काय चुकले?
– एक वाचक, महाल

उत्तर : भाचा बरोबर बोलतो आहे. आधी तट काढा. लढाई २६-२७ नोव्हेंबर १८१७ ची, आणि किल्ला इंग्रजांनी त्यानंतर बांधला. तेव्हा तिथे दोन टेकड्या होत्या, एक मोठी, एक लहान. मिट्ट काळोखही रात्रभर नको. कार्तिकी पौर्णिमा नुकतीच होऊन गेलेली, सूर्यास्तानंतर दोनेक तासांनी चंद्र वर येतो.

आता बंदूक. कंपनीच्या शिपायांकडे चकमकीची, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी, भोसल्यांच्या पदरच्या अरब शिपायांकडे तोड्याची, म्हणजे जळत्या दोरीने पेटणारी. (दारूची छोटी टोपी ठोकून उडणारी बंदूक अजून वीस-पंचवीस वर्षे लांब आहे.) गोविंदाच्या हाती तोड्याची द्या, पण ती भरायची कशी ते एकदा सावकाश दाखवा. तोडा म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुती दोरी. तासाला चार-पाच इंच धुमसत जाते. भरताना जळता तोडा घोड्यातून, म्हणजे तो धरणाऱ्या चिमट्यातून, काढून दारूपासून लांब धरायचा. शिंगड्यातून मोजून दारू नळीत, वर गोळी आणि चिंधी, गजाने ठासायचे, गज जागेवर ठेवायचा. मग कानाजवळच्या (कान म्हणजे नळीत आग नेणारे बारीक भोक) प्याल्यात रंजक, म्हणजे पेटवायची चिमूटभर दारू, झाकण बंद, बाहेर सांडलेली दारू फुंकून टाकायची. तोडा परत घोड्यात, राख झाडायची, झाकण उघडायचे, चाप ओढायचा. मिनिटाला एक बार निघाला तरी पोराचा हात चांगला म्हणायचा. कागदी काडतूस दातांनी फाडणारा कंपनीचा शिपाई तेवढ्यात दोन-तीन काढतो.

गंमत बिघाडात आहे. काजळीने कान बुजला की रंजक भपकन पेटते आणि बार होतच नाही. सुई घालून कान मोकळा करावा लागतो. घाईत गज नळीतच राहिला तर गोळीबरोबर तोही जातो, मग ठासणार कशाने? आणि अंधारात तोड्याचे लाल टोक दिसते, म्हणजे दबा धरणाऱ्याचा पत्ता आपोआप समोरच्याला कळतो. ते ओंजळीआड लपवताना चटका बसू द्या. तीनशे पावलांवर माणूस टिपणे हा निव्वळ नशिबाचा खेळ. अंतर साठ पावलांवर आणा आणि पाचाऐवजी एकच गोळी ठेवा.

खरे तर त्याला बंदूक देऊच नये असे आमचे मत. दारू आणि पाणी टेकडीवर पोचवणारा पोरगा जास्त पाहतो. २७ च्या सकाळी अरबांनी इंग्रजांकडून लहान टेकडी जिंकली, तिथली तोफ मोठ्या टेकडीकडे वळवली आणि काही वेळातच टेकडी पुन्हा गमावली. तुमचे प्रकरण तिथे आहे.

प्रश्न : किल्ला आत जाऊन पाहता येतो का?
– दुसरा वाचक, धरमपेठ

उत्तर : एरवी नाही, तो लष्कराच्या ताब्यात आहे. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट अशा ठरावीक दिवशी लोकांसाठी उघडतात.