अमेरिकन चित्रकार रॉबर्ट इंडियानाच्या ‘लव्ह’ प्रिंटमध्ये एवढं काय आहे? चौकोनात चार अक्षरं, हे तर कॉम्प्युटरवर पाच मिनिटांत कुणीही करेल. हॉलमध्ये लावायला घ्यावं का?

कॉम्प्युटरवर पाच मिनिटांत होईल असं तुम्ही लिहिलंय. होईल की. मी स्क्रीन प्रिंटिंगच्या, म्हणजे जाळीतून शाई दाबून छापायच्या, धंद्यात आहे, त्यामुळे छपाईच्या टेबलावरून जे दिसतं तेवढंच सांगतो.

आधी अक्षरं वाचू नका, मधल्या जागा बघा. वर एल आणि ओ, खाली व्ही आणि ई. अक्षरं जाडजूड आणि एकमेकांना इतकी खेटून आहेत की मागची जमीन सलग उरतच नाही, तिचे तुकडे पडतात. व्हीच्या पोटात त्रिकोण, ओच्या पोटात तिरका लंबगोल. लाल अक्षरांइतकेच हे निळे-हिरवे तुकडेही अंगावर येतात. आणि तो कललेला ओ! तुमच्या कॉम्प्युटरवर तो एकदा सरळ उभा करून बघा, सगळ्याची दुकानाची पाटी होते.

आता रंग. भडक लाल भडक निळ्या-हिरव्याला टेकला की कडेवर नजर ठरत नाही, कड थरथरल्यासारखी वाटते. स्क्रीनने छापताना प्रत्येक रंगाची जाळी वेगळी. फुलापानांच्या डिझाइनमध्ये रजिस्टर, म्हणजे एका रंगावर दुसऱ्याची नेमकी जुळणी, किंचित हललं तरी खपून जातं. इथे ना शेडिंग, ना पोत. लगेच दोन रंगांमध्ये पांढरी रेघ डोकावते. सोप्या दिसणाऱ्या कामातच आमचा घाम निघतो.

पाटीवरून आठवलं, हा माणूस पाट्यांमधूनच आला. जन्म १९२८चा, मूळ आडनाव क्लार्क, पुढे जन्माच्या इंडियाना राज्याचंच नाव लावलं. वडील फिलिप्स ६६ या पेट्रोल कंपनीत होते; त्या कंपनीची लाल-हिरवी पाटी आणि मागे निळं आकाश, हे रंग तिथले. न्यूयॉर्कला कोएन्टीज स्लिप या जुन्या गोदीभागात राहताना त्याला पितळी स्टेन्सिलं सापडली, मालावर नावं उमटवायची. ती त्याने चित्रांत वापरली. १९६१च्या ‘द अमेरिकन ड्रीम १’ मध्ये वर्तुळं, तारे, महामार्गांचे आकडे आणि ‘टेक ऑल’, ‘टिल्ट’ असे पिनबॉल या खेळाच्या मशीनवरचे शब्द आहेत. मला विचाराल तर ते ‘लव्ह’पेक्षा सरस आहे, जरा कडवट आहे म्हणून.

‘लव्ह’ गाजलं ते १९६५मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने नाताळचं कार्ड म्हणून छापल्यावर. १९७३मध्ये त्याचं आठ सेंटचं टपाल तिकीट निघालं, तीस कोटींहून जास्त छापलं गेलं. कॉपीराइट मात्र इंडियानाच्या हाताशी नव्हता, म्हणून कपापासून की-चेनपर्यंत ज्याने त्याने ते छापून विकलं. तुम्हाला ते फुटकळ वाटतं त्यामागे हेच कारण असावं. अतिपरिचयात् अवज्ञा, दुसरं काय.

हॉलसाठी घ्यायचं तर घ्या, पण विकणारा ‘स्क्रीन प्रिंट’ म्हणाला की भिंग काढा. लाल रंगात बारीक ठिपके दिसले तर ते साधं पोस्टर, पोस्टरच्याच भावाने मागा. शाईचा सपाट, भरीव थर दिसला आणि कागद तिरका धरल्यावर कडेला जरासा उंचवटा जाणवला, तर स्क्रीनचं काम असण्याची शक्यता चांगली. तरी ते इंडियानाचं ठरत नाही. त्यासाठी पेन्सिलची सही, आवृत्ती क्रमांक (एकूण किती प्रतींपैकी ही कितवी) आणि कागदपत्रं बघावी लागतील, आणि मग भावही तसाच असेल.