लाट बघायची की घ्यायची?

प्रश्न : मी पुण्याचा, सध्या ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावर होबार्टला शिकतो. सर्फिंग बालीत शिकलो. या हिवाळ्यात मित्रांबरोबर इथल्या किनाऱ्यावरच्या शिपस्टर्न ब्लफ या कड्याजवळच्या लाटेवर उतरू का?

उत्तर : बघायला जरूर जा, डबा घेऊन जा. पाण्यात मात्र उतरू नकोस. दक्षिण महासागराची लाट तिथे खोल पाण्यातून एकदम उथळ खडकावर चढते. ती नुसती उभी राहत नाही, तिच्या अंगावरच पायऱ्या पडतात! मुरलेले सर्फरसुद्धा त्या पायऱ्यांवरून हवेत उडत उतरतात. मोठ्या लाटांच्या दिवशी त्यांना जेटस्कीने (पाण्यावरच्या स्कूटरने) ओढून लाटेवर सोडावं लागतं. पडलास तर खाली वाळू नाही, दगड आहे. शिवाय गाडीरस्ता संपल्यावर झाडीतून दोनेक तासांची चाल. पाय मोडलेल्या माणसाला त्या वाटेने कोण आणणार? मित्र उत्साही असतात, पण स्ट्रेचर उचलायला तेवढे पुरत नाहीत.

हात बसेपर्यंत क्लिफ्टन बीचला जात जा. होबार्टपासून जवळ आहे, तळाला वाळू आहे. बालीची अर्धी चड्डी विसर; इथल्या थंड पाण्यात जाड वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख) आणि तसेच पायमोजे हवेतच. आणि शिपस्टर्नचे व्हिडिओ आईला पाठवू नकोस.