बारा आण्यांचा मसाला

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. तीन पिस्तुलांचे फोटो, प्रत्येकाखाली किंमत आणि शेवटी एकच प्रश्न: यातलं कोणतं घेऊ? परवाना झालाय, रोज जवळ बाळगायची परवानगी आहे, खिसा मात्र बेताचा आहे, हे मोकळेपणानं लिहिलंस ते बरं केलंस. पण फोटो बघून पिस्तूल निवडून देणं मला जमायचं नाही. तुझा हात त्या फोटोत नाही.

स्वस्त म्हणजे टाकाऊ, ही भीती आधी डोक्यातून काढ. आज ज्याला सगळे कॉम्पॅक्ट म्हणतात त्याचं माप 1988 साली आलेल्या ग्लॉक 19 या पिस्तुलानं घालून दिलं. नळी 102 मिलिमीटर, मॅगझिनमध्ये (मुठीत बसणारी काडतुसांची पेटी) 15 काडतुसं, रिकामं वजन सुमारे 600 ग्रॅम. प्लॅस्टिकचा सांगाडा, वर पोलादी स्लाइड (मागे ओढतात तो भाग), आत स्ट्रायकर (काडतुसावर ठोका मारणारी सुई). ही रचना आता जुनी झाली, तिच्यात गुपित असं काही उरलं नाही. ब्राझीलची टॉरस, तुर्कस्तानची कानिक अशा कंपन्या त्याच मापाच्या आसपास चांगली कामाची पिस्तुलं बनवतात. तेव्हा कमी किंमत बघून नाक मुरडू नकोस, फक्त विचार की पैसा वाचवलाय कुठे. बहुतेक वेळा तो साइटमध्ये, म्हणजे नेम धरायच्या खुणांमध्ये, वाचवलेला असतो (प्लॅस्टिकच्या असतात, होल्स्टरच्या म्हणजे पिस्तुलाच्या म्यानाच्या कडेला घासून झिजतात), वरच्या लेपात असतो, ट्रिगरच्या सफाईत असतो, आणि डब्यात दोनाऐवजी एकच मॅगझिन ठेवण्यात असतो. एक्स्ट्रॅक्टरसारखे (रिकामी पुंगळी ओढून काढणारा आकडा) बारीक भाग धातूची पूड साच्यात घालून, मग भट्टीत भाजून केलेले असतात. त्याला लोक उगाच नावं ठेवतात. नीट केलेला तसा भाग वर्षानुवर्षं टिकतो.

दुकानात गेलास की पहिलं काम म्हणजे पिस्तूल रिकामं आहे याची स्वतः खात्री कर. समोरच्यानं तुझ्यादेखत तपासून दिलं तरीही. आधी मॅगझिन काढ, मग स्लाइड मागे ओढून अडकव, चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत, डोळ्यानं बघ, नंतर करंगळीचं टोक घालून चाचप. हा क्रम उलटा झाला, म्हणजे मॅगझिन आत ठेवून स्लाइड ओढली आणि सोडली, तर तूच नवं काडतूस चेंबरमध्ये भरलंस. अमेरिकन नेमबाजी-शिक्षक जेफ कूपरच्या सुरक्षेच्या चार नियमांतला पहिला नियम हाच आहे की प्रत्येक शस्त्र भरलेलंच असतं. नळी कुणाकडे वळवायची नाही आणि ट्रिगरवर बोट कधी ठेवायचं, हे तुला रेंजवर शिकवलेलं आहेच.

आता हातात घे. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी मुठीच्या अगदी वरपर्यंत गेली पाहिजे आणि नळी तुझ्या मनगटाच्या रेषेत आली पाहिजे. तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर आरामात बसतं का? पकड न सोडता अंगठा मॅगझिनच्या बटणापर्यंत पोचतो का? तुझे हात लहान आहेत असं तू लिहिलंस, म्हणून स्लाइड लागोपाठ दहा वेळा ओढून बघ. नळी आखूड झाली की स्प्रिंगला थोड्याच जागेत तेवढंच काम करावं लागतं, म्हणून छोटी पिस्तुलं ओढायला उलट जड असतात. पहिल्या खेपेला सगळ्यांनाच जमतं, आठव्या-नवव्या खेपेला बोटं घसरायला लागली तर ते पिस्तूल तुझं नाही. याच कारणानं तुझ्या फोटोतलं सगळ्यात बारकं पिस्तूल मी मनातून आधीच काढून टाकलंय. लपायला सोपं म्हणून नवखे लोक ते उचलतात. पण तोकडी मूठ, करंगळीला जागा नाही, दणका जास्त, आणि मग सरावाचाच कंटाळा येतो.

ट्रिगरबद्दल लोक वाट्टेल तेवढं बोलतात. मी दोनच गोष्टी बघतो. ओढताना वाळू भरल्यासारखी कचकच लागते का, आणि सोडल्यावर तो परत बसल्याचा ठसठशीत टिचका बोटाला कळतो का. ओढायला अडीच-तीन किलो लागत असतील तर कुरकुर करू नकोस. रोज अंगावर बाळगायच्या पिस्तुलाचा ट्रिगर हलका असणं ही चैन नाही, धोका आहे.

एवढं सगळं करूनही दुकानात पिस्तूल चांगलं आहे की नाही ते कळत नाही. आपल्याकडे म्हणतात ना, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. एरवी ही म्हण हसण्यावारी नेतात, पण या धंद्यात हेच बरोबर प्रमाण आहे. पिस्तुलावर वाचलेला पैसा काडतुसांवर, जादा मॅगझिनवर आणि होल्स्टरवर घालायचा. तो घालायची तयारी नसेल तर महागडं घेऊनही उपयोग नाही.

माझं पहिलं पिस्तूल असंच बेतातलं होतं. कंपनीचं नाव सांगत नाही, सांगून काही साधणारही नाही. दोन मॅगझिनं आलेली. दर शनिवारी रेंजवर दोन-चार वेळा तरी अडकायचं. काडतूस नाक वर करून नळीच्या मागच्या तोंडाशी रुतून बसायचं. मी वैतागून ते विकायला काढलं होतं. रेंजवरच्या एका वयस्कर माणसानं मला खडसावलं, 'आधी लिहून काढ, मग विक.' त्यानं दोन्ही मॅगझिनच्या तळाला पांढऱ्या रंगानं 1 आणि 2 असे आकडे घातले आणि एक वही हातात दिली. किती राउंड झाले, कोणतं मॅगझिन, त्यातलं कितवं काडतूस आणि नेमकं काय झालं, एवढंच लिहायचं. तीन शनिवारांत अकरा नोंदी झाल्या. त्यातल्या दहा 2 नंबरच्या. मग दोन्ही मॅगझिनं रिकामी करून उजेडाकडे शेजारी-शेजारी धरली. काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या पत्र्याच्या दोन कडा असतात, त्यातली 2 नंबरची डावी कड जराशी बाहेर फाकलेली होती. नखाच्या जाडीएवढीही नाही. त्या मॅगझिनवर फुली मारून ते कचऱ्यात टाकलं, आणि ते पिस्तूल पुढे कित्येक वर्षं वापरलं. अकरावी नोंद माझ्या ढिल्या मनगटाची होती, ती मी आधी मान्यच करत नव्हतो.

तू हेच कर. सुरुवातीला साध्या गोळीची 300 काडतुसं झाड, 115 किंवा 124 ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप). शंभरभर राउंडपर्यंत नवं पिस्तूल कुठे अडकलं तर मनावर घेऊ नकोस, भाग एकमेकांत बसत असतात. त्यानंतर अडकलं तर कारण सापडलंच पाहिजे. रिकामी पुंगळी स्लाइडच्या खिडकीत उभी राहिली की आधी आपली पकड बघ, मग तेच पिस्तूल आणि तीच काडतुसं दुसऱ्या चांगल्या नेमबाजाच्या हातात दे. त्याच्याकडे सुरळीत चाललं तर दुरुस्ती पिस्तुलाला नाही, तुला हवी. मॅगझिनमधल्या शेवटच्या एक-दोन काडतुसांवरच अडत असेल तर मॅगझिनची स्प्रिंग मऊ असते. पहिल्या तपासणीतच एवढं कळतं.

मग जे काडतूस तू प्रत्यक्ष बाळगणार आहेस, ती पोकळ नाकाची गोळी, तीही निदान 50 तरी झाडून बघ. तिचं तोंड बोथट असतं, त्यामुळे गोल नाकाची गोळी गुपचूप गिळणारं पिस्तूल तिच्यावर ठेचकाळू शकतं. महाग पडतात म्हणून लोक इथेच हात आखडतात. पन्नास जमत नसतील तर पिस्तूल अजून महिनाभर घरीच राहू दे.

दोन गोष्टी घोकून ठेव. ट्रिगर ओढला आणि नुसता टिक आवाज झाला, तर नळी लक्ष्याकडेच धरून अर्धा मिनिट थांब, बार उशिरा उडू शकतो. आणि बार फुसका वाटला, दणका लागलाच नाही, तर पुढचा बार कदापि मारू नकोस. गोळी नळीतच अडकलेली असू शकते. पिस्तूल रिकामं कर, उघड आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का बघ. कानांचं म्हणशील तर नळीजवळ आवाज 160 डेसिबलच्या घरात जातो, तेव्हा कानात बोळे आणि वरून कान झाकणारे मफ दोन्ही घाल. घरी आल्यावर काही खाण्याआधी हात धू, शिसं बोटांवर बसतं.

होल्स्टरबद्दल तू एक शब्दही लिहिला नाहीस, आणि मला काळजी त्याचीच वाटते. होल्स्टर कडक हवं, त्याच पिस्तुलाच्या मापाचं हवं, आणि त्यानं ट्रिगरची कडी पूर्ण झाकली पाहिजे. सगळ्या मापांना चालणारा मऊ कापडी खिसा घेऊ नकोस. स्वस्त पिस्तुलाची खरी अडचण इथे येते. ग्लॉक 19 च्या मापाची होल्स्टरं सहज मिळतात, तुझ्या फोटोंतल्या सगळ्यात स्वस्त पिस्तुलाचं मिळता मिळत नाही. पिस्तूल परत ठेवण्याचा क्षण सगळ्यात वाईट. शर्टाचं टोक किंवा जॅकेटच्या नाडीची गाठ ट्रिगरच्या कडीत शिरते, आणि मग बार उडायला बोट लागतच नाही. म्हणून ठेवताना थांब, होल्स्टरकडे खाली बघ, सावकाश ठेव. परत ठेवण्याच्या वेगाला कुणी बक्षीस देत नाही.

वजनाचा हिशेबही अंगावर करून बघ. भरलेलं 9 मिलिमीटरचं काडतूस साधारण 12 ग्रॅमचं, म्हणजे 15 झाली की 180 ग्रॅम. 600 ग्रॅमचं पिस्तूल पाऊण किलोच्या वर गेलं. नरम पट्टा तासाभरात लोंबायला लागतो. आधी रिकामं पिस्तूल होल्स्टरमध्ये घालून आठवडाभर घरात वावर. खाली बस, वाक, बुटांचे बंद बांध.

घामानं स्वस्त लेप लवकर हरतो. मागच्या साइटचे कोपरे आणि स्लाइडच्या खाचा आधी तांबूस होतात. रोज रात्री कोरड्या कापडानं पूस, आठवड्याला तेलाचा एखादा थेंब पुरे. रोज भरणं-रिकामं करणंही टाळ. तेच एक काडतूस पुन्हापुन्हा चेंबरमध्ये आपटलं की गोळी पुंगळीत मागे दबत जाते आणि बार होताना आतला दाब वाढतो. महिन्यातून एकदा ते काडतूस नव्याच्या शेजारी उभं करून बघ. आखूड दिसलं तर बाजूला काढ, झाडू नकोस. आणि पिस्तूल अंगावर नसेल तेव्हा ते कुलपात असेल. कपाटाच्या वरच्या फळीवर किंवा उशीखाली ठेवायचं नाही.

तर तिन्हींतलं मधल्या किंमतीचं आधी हातात घेऊन बघ. मला वाटतं तेच तुझ्या हाताला बसेल, पण दहा वेळा स्लाइड ओढल्याशिवाय सौदा करू नकोस. जादा मॅगझिन त्याच दिवशी घे आणि रेंजवर येताना दोन्हींच्या तळाला आकडे घालून आण. पांढरा रंग माझ्याकडे आहे. ती जुनी वहीही काढून ठेवतो, शेवटची काही पानं अजून कोरी आहेत.

तुझा,
काका