इजिप्तच्या किनाऱ्यावर ताजे मासे खायचे तर हॉटेलात खावेत की बाजारात?

तुम्ही विचारलंय, नोव्हेंबरात अलेक्झांड्रिया आणि हुरघाडाला जाताय, तिथले ताजे मासे खायचेत, पण पोट बिघडेल या भीतीने हॉटेलच्या बुफेतच खावेत का? अजिबात नाही. बाजारात जा, मासा स्वतः निवडा, समोर भाजून घ्या आणि खा.

इतकं ठासून सांगते, कारण हाच वाद मी तिथे घातलाय. माझी आई करंजाची. उरणच्या बाजारात तिने तीस वर्षं मासे विकले आणि आम्हा तिघा भावंडांना शिकवलं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मासळी घेताना ताजी आहे का हे बघायला मी कल्ला उचलून बघितला, तर नणंद पाहुण्यांसमोर म्हणाली, "कोळणीसारखं काय करतेस?" मी कोळीणच आहे. तेव्हा नवी होते, गप्प बसले. ते वाक्य मात्र अठरा वर्षं आत राहिलं.

दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात आम्ही सगळे इजिप्तला गेलो, ताईही होत्या, म्हणजे तीच नणंद. अलेक्झांड्रियात एक सकाळ मोकळी मिळाली. मी म्हटलं, अनफुशीला जाऊ. ताई म्हणाल्या, "परक्या देशात उघड्यावरचे मासे? हॉटेलात स्वच्छ तरी असतात." आदल्या रात्री त्याच हॉटेलात पांढऱ्या सॉसखाली एक तुकडा वाढला होता. ना काटा, ना कातडी, ना चव. कुठला मासा हे वाढणाऱ्यालाही सांगता आलं नाही. ज्या माशाचं डोकं दिसत नाही तो ताजा आहे हे तुम्ही ठरवणार कशावरून?

शेवटी यांनी बहिणीला जवळजवळ ओढूनच टॅक्सीत बसवलं. अनफुशी म्हणजे कैतबेच्या किल्ल्याजवळचा जुना कोळी भाग. किनाऱ्यावर लाकडी होड्या बांधायचं काम चालू होतं, उघड्या फासळ्या आणि ओल्या लाकडाचा वास. पुढे मासळीबाजार. चिंबोरी तिथे काबोरिया, कोलंबी गंबरी, लेपा म्हणजे समक मूसा, मूसाचा मासा. तारली होती, पण थोडी. आस्वानचं मोठं धरण १९७० साली पुरं झालं, पण नाईलचा पूर त्याच्या आधीच अडायला लागला. पुराबरोबर समुद्रात येणारा गाळ थांबला, त्यावर पोसणारं माशांचं खाणं तुटलं आणि तारलीचा हंगाम बसला. आमच्याकडे पहिल्या पावसाचं गढूळ पाणी खाडीत उतरलं की काय होतं ते ठाऊक असल्यामुळे मला हे लगेच पटलं.

मी बोय बघत होते, तिथे तिला बूरी म्हणतात. पहिलीचा कल्ला उचलला. लाल होता, पण मातकट, आणि बोटाला चिकट लागला. खाली ठेवली. दुसरीही तशीच. मागून ताईंचा आवाज आला, "अगं, इथेसुद्धा? कोळणीसारखं?"

या वेळी मी वळून म्हटलं, "हो ताई. आईने शिकवलंय. म्हणूनच आज तुम्ही निर्धास्त जेवाल."

विकणारा म्हातारा माझ्या हाताकडे बघत होता. त्याला मराठी कुठून कळणार, पण हात कळला. फळीखालून त्याने ओल्या गोणपाटाखालची टोपली काढली आणि एक बोय शेपटीला धरून आडवी केली. वाकली नाही, काठीसारखी सरळ राहिली. डोळा फुगीर आणि नितळ, कल्ला डाळिंबाच्या दाण्यासारखा. मी पोट दाबलं, अंड्यांनी भरलेलं होतं. यांना म्हटलं, "गाबोळी आहे." म्हातारा हसला आणि म्हणाला, "बतारेख!" त्याचा शब्द त्याचा, माझा माझा, पण बोट दोघांचं एकाच जागी होतं.

शेजारीच भाजून देणारा होता. अर्धी मासळी सिंगारी केली, म्हणजे पाठीकडून चिरून, उघडून, वर टोमॅटो, ढोबळी मिरची, लसूण घालून भट्टीत. अर्धी रद्दा. रद्दा म्हणजे गव्हाचा कोंडा. आख्खा मासा कोंड्यात घोळवून जाळावर कातडी काळी होईपर्यंत भाजतात आणि गरमागरम लिंबू-लसूण-जिऱ्याच्या खारट पाण्यात बुडवतात. कातडी ओढली की आत पांढरं, रसाळ मांस. सोबत ताहिना म्हणजे तिळाची चटणी, बलदी म्हणजे तिथली गावठी रोटी आणि सय्यादिया, काळसर तळलेल्या कांद्याचा भात. अरबीत सय्याद म्हणजे मासेमारी करणारा, तेव्हा हा कोळ्यांचाच भात. मसाला नाही म्हणून नाक मुरडू नका. ताज्या माशाला लाल तिखटाचं पांघरूण लागत नाही, हे माझ्या आईचं मत आणि माझंही.

ताईंनी गाबोळीचा तुकडा दुसऱ्यांदा मागून घेतला. कुणाचंच पोट बिघडलं नाही. "तुझं बरोबर होतं" असं त्या आजवर म्हणालेल्या नाहीत, म्हणून इथे लिहून ठेवते: कल्ला बघणं ही गावंढळ सवय नाही, ती विद्या आहे. पैसे देऊन खाणाऱ्या प्रत्येकाने ती शिकावी.

दनीस आणि करूस हे मासे सगळीकडे पुढे करतात, पण ते पुष्कळदा शेततळ्यातले असतात. बुलती म्हणजे आपली चिलापी, तिच्यासाठी समुद्रापर्यंत जाऊ नका. हुरघाडात मासळीबाजारात जा, शऊर नावाचा मासा मागा. तांबड्या समुद्रातला रंगीत हरीद, म्हणजे पोपटमासा, घेऊ नका, प्रवाळावरची शेवाळ तोच खरवडून साफ ठेवतो.

भावाचं विचारलंत, पण तिथला पाऊंड इतका घसरलाय की माझ्या वेळचे आकडे तुमच्या उपयोगाचे नाहीत. भाजणावळ वेगळी असते, ती आधी विचारा. भाव अरबी आकड्यांत लिहिलेला असेल तर जपून, त्यांचा पाच आपल्या शून्यासारखा दिसतो.

काही गोष्टींना मात्र हात लावू नका. फसीख, म्हणजे आंबवून खारवलेली बोय, नीट मुरली नाही तर विषबाधा होऊन जीव जातो. वसंतात शम्म अन्-नसीमच्या सणाला तिथलं सरकारच दरवर्षी इशारा देतं. लिंबू पिळून कच्च्या तिसऱ्या देतील, नको म्हणा. सुएझ कालवा १८६९ साली उघडला, त्यातून केंडाची, म्हणजे फुगणाऱ्या माशाची, एक विषारी जात भूमध्यात शिरली आहे. तिथे तिला अर्नब म्हणतात आणि विक्रीला बंदी आहे. आमच्याकडे केंड जाळ्यातूनच फेकून देतात; शिजवून त्याचं विष जात नाही. पाणी बाटलीचंच प्या.

आणि सकाळीच जा. परत आल्यावर आईला फोनवर बाजाराचा व्हिडिओ दाखवला. तिने शेवटपर्यंत बघितला, म्हाताऱ्याच्या टोपलीपाशी थांबवून परत बघितला आणि विचारलं, "संध्याकाळी उरलेल्याचं काय करतो गं हा?" ते मी त्याला विचारलंच नव्हतं.