खिडक्या उघड्या ठेवल्या, आता बर्फ झेपेल का?

डोंगरवाटा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी कोल्हापुरात कळंब्याला राहते, वय ४३. जानेवारीत मैत्रिणींबरोबर उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराला निघालेय. बर्फातला पहिलाच ट्रेक. थंडीची सवय व्हावी म्हणून गेले पंधरा दिवस घरातल्या सगळ्या खिडक्या रात्रभर सताड उघड्या, पंखा तीनवर, आणि मी शहाबादी फरशीवर चटई टाकून पातळ चादरीत झोपते. गिझर बंदच केलाय. झोप पुरी होत नाही, पण तेवढं चालेल असं वाटतं. सासूबाई ७४ वर्षांच्या, बीपीच्या गोळ्या चालू आहेत. धाकट्याला आठ दिवस खोकला आहे. घरचे वैतागलेत. माझं बरोबर चाललंय ना?

उत्तर : ताई, सासूबाईंच्या खोलीची खिडकी आज रात्रीच लावून घ्या. गिझरही चालू करा. बाकीचं सावकाश बोलू.

थंडीत कातडीखालच्या रक्तवाहिन्या आक्रसतात आणि रक्तदाब चढतो. तुमच्या-माझ्या वयाला ते सोसतं. सत्तरीपुढे, त्यात बीपी असेल तर तो खरा धोका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली घरांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यात थंडीच्या दिवसांत घरात किमान १८ अंश असावेत असं म्हटलंय, आणि म्हाताऱ्या माणसांना, लहान मुलांना त्याहून जास्त ऊब लागू शकते असंही. डिसेंबरच्या रात्री आपल्याकडे बाहेर पारा पंधराच्या आसपास उतरतो. म्हणजे सासूबाईंची तक्रार अगदी रास्त आहे. ट्रेकला तुम्ही जाताय, त्या नव्हे.

धाकट्याच्या खोकल्याबद्दल एक शंका. कळंब्याच्या पुढे ऊस आहे आणि हे तोडणीचे दिवस. संध्याकाळी फडात पाचट पेटवलं की तो धूर रात्री खाली बसतो आणि उघड्या खिडकीतून थेट पोराच्या उशाशी येतो. थंडीपेक्षा धुरानेही खोकला लांबला असेल. सकाळी खिडकीच्या कट्ट्यावर ओलं फडकं फिरवून बघा, काळी राख आली तर समजा. आणि आठ दिवस झालेत, एकदा डॉक्टरांना दाखवाच.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही जे करताय त्याला आधार आहे, पण करण्याची रीत चुकतेय. २०१३ साली नेदरलँड्समधल्या मास्त्रिख्तच्या संशोधकांनी १७ निरोगी माणसांना सलग दहा दिवस, दिवसाला सहा तासांपर्यंत, १५-१६ अंशांच्या खोलीत हलक्या कपड्यांवर बसवलं. दहा दिवसांनी त्यांची कुडकुड कमी झाली, तीच खोली त्यांना कमी बोचू लागली, आणि अंगात ऊब तयार करणारी तपकिरी चरबी जास्त काम करू लागली. १५-१६ अंश म्हणजे आपली डिसेंबरची पहाट! विकत काहीच घ्यायचं नाही.

पण ती माणसं जागी होती हे लक्षात घ्या. तुम्ही झोप मोडून तेच करू पाहताय. अपुऱ्या झोपेचं अंग घेऊन डोंगरावर गेलात तर पंधरा दिवसांची कमाई पहिल्याच चढाला संपेल. म्हणून रात्री फरशी सोडा, गादीवर या, वर आईच्या हातची वाकळ घ्या आणि गाढ झोपा. थंडीचा सराव जागेपणी करायचा. पहाटे साडेपाचला गच्चीवर किंवा बाल्कनीत अर्ध्या बाह्यांच्या टी-शर्टवर, स्वेटर न घालता, तासभर आपली कामं करत राहा. रात्री जेवणानंतर पुन्हा तासभर. अंग हलकं शहारलं तर हरकत नाही. दात वाजायला लागले की आत या.

पंख्याचंही सांगतो, कारण हा गैरसमज फार आहे. पंखा खोली थंड करत नाही. भिंतीवर तापमापक लावून बघा, पंखा चालू असो की बंद, आकडा तोच. तो फक्त अंगाभोवतीची ऊब उडवून नेतो. घर खरंच गार करायचं असेल तर स्लॅबचा विचार करा. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहतो. दुपारी पश्चिमेचे पडदे ओढा आणि रात्री समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडा, त्याही फक्त तुमच्या खोलीच्या. जाळी नसेल तर मच्छरदाणी बांधा.

आणि आता ज्यासाठी एवढं लिहितोय ते. अंगाला सवय झाली म्हणजे थंडी कमी *जाणवते*. थंडी कमी *होत* नाही. सवयीच्या माणसाची कुडकुड उशिरा सुरू होते, आणि कुडकुड हाच तर अंगाने दिलेला इशारा असतो. मी हे भोगून शिकलो. केदारकंठाच्या माझ्या पहिल्या हिवाळी ट्रेकआधी मी महिनाभर गच्चीवर एका चादरीत झोपत होतो आणि त्याचा मला मोठा भरवसा होता. पायथ्याच्या सांक्री गावाहून जुडा का तालाब या तळ्यापर्यंतचा चढ मी जाकीट न काढता चढलो. वर पोहोचलो, तळं गोठलेलं, ऊन कलत आलेलं. मला थंडी वाजत नव्हती, म्हणून मी कपडे न बदलता फोटो काढत फिरलो. आत सुती बनियन होतं, घामाने चिंब. अर्ध्या तासाने जाकिटाची चेन उघडायला गेलो तर बोटांना चेन सापडेना. अंगठा आणि तर्जनी एकमेकांना लागत होती, पण चिमूट धरली जात नव्हती. शेवटी सोबत्याने चेन उघडली, बनियन सोलून काढावं तसं काढलं. ते पिळलं तेव्हा बर्फावर पाणी ठिबकलं.

पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने ऊब ओढून नेतं. त्या बनियनपुढे माझ्या महिनाभराच्या गच्चीचं काहीच चाललं नाही.

तेव्हा उरलेले दिवस घर गार करण्यापेक्षा घाम सांभाळायला शिका. रविवारी पहाटे जोतिबाचा डोंगर पायथ्यापासून चढा, पाठीवर सात-आठ किलोची सॅक घेऊन. चालायला लागताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. पायथ्यालाच उबदार वाटत असेल तर एक कपडा जास्त आहे. दहा मिनिटांनी थांबा, कॉलरच्या आत हात घाला. ओलं लागलं की एक थर काढा. माथ्यावर वाऱ्यात पाच मिनिटं उभ्या राहा आणि अंगात काय होतं ते ओळखा. सुती बनियन, जीन्स घरी ठेवा. अंगालगत लोकरी किंवा सिंथेटिक. झोपायचे कपडे आणि मोज्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत वेगळा, तो चालताना कधीच घालायचा नाही. मुक्कामाला पोहोचल्यावर पहिलं काम कपडे बदलण्याचं, चहा आणि फोटो नंतर. घरी रात्री दिवे मालवून हातमोजे घाला आणि बुटाची नाडी बांधणं, चेन लावणं हे दहा-दहा वेळा करा. हा सराव मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

बूट मात्र दोन मोज्यांवर घट्ट होत असतील तर बदला. आवळलेल्या पायात रक्त फिरत नाही आणि बोटं आधी बधिर होतात. खिशात गूळ-शेंगदाणे ठेवा. अंगाची शेगडी पेटती ठेवायला सरपण लागतंच.

प्रश्न : मी इचलकरंजीचा, वय २९. एसी १६वर ठेवून झोपतो. त्याने केदारकंठाच्या उंचीवर दम लागणं, डोकं दुखणं कमी होईल का?

उत्तर : नाही. थंडी वेगळी, उंची वेगळी. एसीच्या खोलीतल्या हवेत प्राणवायू तेवढाच असतो. केदारकंठाचा माथा सुमारे ३,८०० मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाहूनही कमी. त्याची सवय फक्त उंचीवर राहूनच होते. सांक्रीला एक जादा मुक्काम मिळत असेल तर घ्या, हळू चढा, पाणी पीत राहा. ३,००० मीटरच्या वर रोजच्या झोपण्याच्या जागेत ५०० मीटरपेक्षा जास्त फरक नको. डोकेदुखीबरोबर उलटी, झोकांड्या सुरू झाल्या तर माथा कितीही जवळ असो, खाली उतरा, आणि हे सोबत्यांना आधीच सांगून ठेवा, कारण त्या वेळी तुमचं तुम्हाला कळेलच असं नाही. उंचीच्या त्रासावरच्या गोळ्या घ्यायच्या की नाही ते तुमच्या डॉक्टरांना विचारून ठरवा.