फेब्रुवारी-मार्चमध्ये अलिबागला कोणते पक्षी दिसतील?

दोन दिवस हाताशी असतील तर एक सकाळ अलिबागजवळच्या आक्षीच्या किनाऱ्यालाच द्या. भरती चढू लागली की चिखलात विखुरलेले पक्षी पाण्यासोबत मागे सरकत जवळ येतात, म्हणून आधी भरतीची वेळ बघून निघा.

कुरवांकडे, म्हणजे सीगल पक्ष्यांकडे, जरा थांबून बघा. हिवाळाभर त्यांचं डोकं पांढरं आणि डोळ्यामागे फक्त एक काळपट ठिपका असतो. आता परतीची वेळ जवळ आल्याने तिथे गडद पिसं येऊ लागतात. एकाच थव्यात कुणाचं डोकं पांढरं, कुणाचं अर्धंमुर्धं भरलेलं, कुणाची टोपी पूर्ण! यातले तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटच्या तलावांवर वीण करतात. मार्चअखेर छोट्या चिखल्या या चिमुकल्या किनारपक्ष्यांच्या छातीवरही विटकरी रंग चढायला लागतो. मला हे दिवस वर्षातले सगळ्यात आवडते.

दुपारी गावात फुललेला पांगारा किंवा सावर शोधा. मैना, बुलबुल, शिंजीर तिथे हमखास.

एक कळकळीची विनंती: फोटोसाठी किनाऱ्यावरच्या थव्यात धावू नका. लांबच्या प्रवासासाठी ते अंगात चरबी साठवत असतात, प्रत्येक उड्डाणात ती खर्च होते.